साष्टीचा पुराणकार : फादर स्टीफन्स

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकत असताना एका तासाला आमच्या सरांनी एका पानाच्या झेरॉक्स प्रती वर्गात वाटल्या. अक्षरे रोमन होती, शब्द मात्र इंग्रजी नव्हते. कुणी ते पोर्तुगीज असल्याचे सांगितले, कुणी लॅटिन. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग सरांनी ते पान मोठ्याने वाचावयास सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला सारा वर्ग सावरून बसला. ती ओवी होती. आमच्या घरी श्रावणात पोथी लागते तिची, नाथांच्या भागवताची ओवी. ती रचणारा मनुष्य इंग्लंडात जन्मलेला होता आणि ओव्यांचा विषय येशू ख्रिस्ताचे चरित्र हा होता.

त्या दिवसापासून फादर थॉमस स्टीफन्स या माणसाने माझा पिच्छा सोडला नाही. अभ्यासक्रमात त्यांच्यावर चार गुणांची टीप येते, आम्ही ती पाठ करतो आणि विसरतो. परंतु त्यांचे आयुष्य टिपेत मावणारे नाही. त्यात एक मोठा पेच आहे, आणि तो मला आमच्या घरातच उलगडावा लागला. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडमध्ये धर्माच्या उलथापालथीचा होता. पहिली एलिझाबेथ राणी 1558 मध्ये गादीवर आली आणि राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट ठरला. जुन्या रोमन कॅथलिक पंथाला चिकटून राहणे हा हळूहळू गुन्हा होऊन बसला. स्टीफन्स जुन्या पंथाचे. थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांचे स्नेही होते. त्यांचा नोकर असल्याचे भासवून स्टीफन्स काही काळ त्यांच्याबरोबर हिंडले. दोघांनी मिळून रोमला जावयाचे आणि जेझुइट संघात प्रवेश घ्यावयाचा असा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 मध्ये संघात दाखल झाले. मायदेशी परतावे तर तुरुंग, कदाचित फाशी. त्यांनी हिंदुस्थान मागून घेतला.

4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात समुद्रप्रवासाचे बारकाईने वर्णन आहे. हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. 1583 मध्ये त्यांनी आपल्या भावाला लिहिलेले पत्र तर भाषेच्या विद्यार्थ्याने आवर्जून ध्यानात ठेवावे असे आहे. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे सुप्रसिद्ध व्याख्यान दिले ते 1786 मध्ये. म्हणजे त्याच्या दोनशे तीन वर्षे आधी!

स्टीफन्स यांचे पुढील सुमारे चाळीस वर्षांचे आयुष्य मुख्यतः गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी भागात गेले. मडगाव, राशोल ही गावे त्या भागातली. त्याच सुमारास आपल्या गोदाकाठी काय चालले होते? पैठणला एकनाथ महाराज होते. त्यांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि 1599 मध्ये देह ठेवला. पैठणची तीच गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यात येते आणि गंगाखेडला जनाबाईच्या गावावरून वाहत जाते. एकाच काळात एक मराठी कवी पैठणला आणि दुसरा साष्टीत. एकाला ही भाषा जन्माने मिळाली होती, दुसऱ्याने ती तिशी उलटल्यावर शिकून घेतली.

साष्टी मात्र त्या वेळी शांत नव्हती. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. 1567 मध्ये साष्टीतली शेकडो देवळे पाडली गेली. लोकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे नेल्या. आज आपण फोंड्याकडे मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जातो. ही दैवते मूळची कुशस्थळी आणि केळशी या गावांची. स्थलांतराची ती कहाणी याच काळातली. जुनी पुराणे वाचण्यावरही बंदी आली. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे चिडलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले. त्यांतले रुडॉल्फ अक्वाविवा हे काही काळ अकबराच्या दरबारी राहिलेले होते. त्या पाच जणांचे मृतदेह परत मिळवण्याचे अवघड काम स्टीफन्स यांनी केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून घेऊन त्यांचा वध केला.

हा सर्व इतिहास वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचत होती. जो मनुष्य स्वतःच्या देशात धर्मबंदीमुळे वेषांतर करून हिंडला, तोच येथे दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आश्रयाला राहिला. हा विरोध त्यांना स्वतःला कधी जाणवला असेल काय? मनातले सांगणारे त्यांचे टिपण माझ्या वाचनात नाही. आहे ते त्यांचे पुराण.

त्या पुराणाचा आरंभच या प्रश्नाला स्पर्श करतो. साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? त्या विचारण्याला उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ उभा राहतो. मला हा प्रसंग ग्रंथातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. काहीतरी हिरावले गेले आहे, ही कबुली त्यात आहे. माणसाचा धर्म बदलला तरी पोथी ऐकण्याची त्याच्या कानांची भूक बदलत नाही, हे या परदेशी माणसाने ओळखले होते.

हा ग्रंथ 1616 मध्ये राशोल येथे छापला गेला. मूळ नाव पोर्तुगीज, लांबलचक. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात 36 अवस्वर म्हणजे अध्याय, दुसऱ्यात 59. ओव्या एकूण सुमारे अकरा हजार. देवनागरीचे खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी 1608 मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांकडे लिहून पाहिले होते, पण ते घडले नाही. म्हणून मराठीतले हे महाकाव्य रोमन लिपीत छापले गेले. आरंभी मराठी भाषेची जी स्तुती आहे ती आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केली असेल. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा एकामागून एक उपमा देऊन त्यांनी मराठीला सर्व भाषांत वरचे स्थान दिले आहे. ज्ञानदेवांपासून नाथांपर्यंत मराठीचा अभिमान सांगणाऱ्यांची जी मालिका आहे, तिच्यात हा परका आपोआप येऊन बसला.

आता या ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. ख्रिस्ती श्रद्धेचा उगम सांगावयाचा म्हणजे काय सांगावयाचे? येशूचे पहिले अनुयायी ज्यू होते. त्यांच्यापाशी आधीचे धर्मग्रंथ होतेच. येशूच्या मरणानंतर त्यांनी तेच ग्रंथ नव्या नजरेने वाचले आणि जुन्या कथांत त्यांना येशूची पूर्वचिन्हे दिसू लागली. पहिला पुरुष आदाम पापात पडला, तो पुढे येणाऱ्या तारकाची उलटी छाया, असे संत पौलाने मानले. नोहाच्या तारवात जीव वाचले, ते तारू म्हणजे चर्च आणि तो पूर म्हणजे बाप्तिस्म्याचे पाणी. अब्राहामाचा मुलगा इसहाक स्वतःच्या बळीची लाकडे स्वतः वाहून नेतो, तो म्हणजे क्रूस वाहणारा येशू. मोशेने अरण्यात खांबावर पितळेचा साप उंचावला आणि त्याकडे पाहणारे वाचले, ती वधस्तंभाची खूण. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहून बाहेर आला, ते पुनरुत्थानाचे चिन्ह. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेन याने तर विचारले, की सूर्य निर्माण होण्याआधीच सकाळ-संध्याकाळ झाल्याचे सृष्टीच्या कथेत येते, ते शब्दशः कसे घ्यावयाचे? अशा ठिकाणी अक्षरार्थाच्या आतला अर्थ शोधला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ख्रिस्ती लोकांचे सुरुवातीच्या काळातले माशाचे चिन्हही असेच. ग्रीक भाषेत माशाला जो शब्द आहे त्याच्या पाच अक्षरांत येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारक या शब्दांची आद्याक्षरे येतात.

हे सर्व ऐकून आपण बुजून जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ही वाचनाची रीत परकी नाही. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो विंचू नसतो, काम-क्रोध असतो, हे आपल्या खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो, त्याचा अर्थ काय घ्यावयाचा हे गंगाखेडच्या बायकांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. फरक आहे तो एवढाच, की ख्रिस्ती परंपरेने ते पूर्वचिन्हही खरे घडलेले मानले आणि त्याचा अर्थही. आदाम हा केवळ रूपक नाही, तो होऊनही गेला आणि त्याचे होणे पुढच्या घटनेची खूणही ठरले. स्टीफन्स याच मताचे होते. त्यांच्या ग्रंथाची दोन पुराणांत केलेली मांडणी या विचारावरच उभी आहे. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, माणसाचे पतन आणि तारकाच्या येण्याचे वचन. दुसऱ्यात ते वचन पुरे होणे. पहिले पुराण म्हणजे वाट पाहणे, दुसरे म्हणजे भेट.

परंतु स्टीफन्स यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. ख्रिस्ती स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. तारणाला मुक्ती म्हटले. येशूला स्वामी म्हटले आणि ग्रंथाला पुराण. जुन्या करारातल्या कथा जशा नव्याच्या खुणा ठरल्या, तसे आपले मराठी शब्द त्यांच्या हाती खुणा ठरले. मात्र शब्द काही रिकामे भांडे नव्हे. वैकुंठ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तुकोबा नसतील तरी विष्णू येणारच. तुकोबांचा जन्म तेव्हा नुकताच झालेला होता. त्याच ग्रंथात मूर्तिपूजेवर टीका करणाऱ्या स्टीफन्स यांना हा धोका दिसला नसेल असे संभवत नाही. तरीही त्यांनी तो शब्द वापरला. बहुधा त्यांना वाटले असावे, की ज्या शब्दाला ऐकणाऱ्याच्या मनात आधीच भक्तीचे पाणी घातलेले आहे, त्याच शब्दाला नवे फळ धरेल.

हे फळ खरोखर धरते काय, याची परीक्षा मी नकळत आमच्या घरीच घेतली. माझी आजी गंगाखेडकडची. डोळ्यांनी आता दिसत नाही, पण पोथी ऐकावयास लागते. एका संध्याकाळी मी तिला कुठले पुस्तक ते न सांगता, वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या मरियेच्या दुःखाच्या ओव्या वाचून दाखवल्या. काही शब्द तिला अडले, पण तिने थांबवले नाही. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, की त्या बाईजवळ त्या वेळी गावातली दुसरी कुणी बायामाणसे होती की नाही. होत्या, तिच्याबरोबर आणखी दोन-तीन बायका होत्या, असे मी सांगितले. तेव्हा आजीला बरे वाटले. ही पोथी कुणाची, असे तिने त्यानंतर विचारले आणि मी खरे ते सांगितले. तिला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

आजोबांना मात्र वाटले. ते बाजेवर बसून ऐकत होते. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्यातल्याच एकाने या ओव्या लिहिल्या ना, असे त्यांनी मला सरळ विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजोबा निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले. सारे शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाची शरणागती झाली तेव्हा ते चौथीच्या वयाचे होते. राज्यकर्त्याची भाषा आणि लोकांची भाषा वेगळी असली म्हणजे काय होते, हे त्यांनी भोगले आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मी त्यांना पुढची हकीकत सांगितली. स्टीफन्स 1619 मध्ये गोव्यातच वारले. त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये त्यांचे कोकणीतले ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक निघाले आणि 1640 मध्ये कोकणीचे व्याकरण. क्रिस्तपुराण 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. परंतु 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. म्हणजे ज्या सत्तेच्या सावलीत स्टीफन्स राहिले, तिनेच त्यांना प्रिय असलेल्या भाषांचा गळा धरला. त्यांच्या पुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो साध्या माणसांमुळे. गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून तो जपला आणि उपवासाच्या दिवसांत वाचला. त्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे तो रोमन लिपीत छापला. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात मिळाले. महाराष्ट्राच्या वाचकाला देवनागरीत छापील ग्रंथ मिळावयास 1956 साल उजाडावे लागले.

आजोबांनी हे सगळे ऐकून घेतले. स्टीफन्स यांना त्यांनी माफ केले की नाही ते मला सांगता येणार नाही, आणि माफ करणारे आपण कोण, असेही मला वाटते. देवळे पडली ते खरे आहे आणि ओव्या सुंदर आहेत तेही खरे आहे. एका खऱ्याने दुसरे खोडून काढू नये, एवढे मात्र या अभ्यासातून मी शिकलो. एखाद्या भाषेवर प्रेम करणारा मनुष्य आपोआप न्यायी ठरत नाही. पण त्याने त्या भाषेला जे दिले ते त्यामुळे खोटे होत नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी ट्रंकेतून एक जुनी वही काढून आणली. ती त्यांच्या शेतीच्या हिशेबाची. सारी अक्षरे उर्दू. मला एक ओळ वाचता येईना. मग त्यांनी बोट ठेवून उजवीकडून डावीकडे वाचावयास सुरुवात केली: ज्वारीच्या पायल्या, सालगड्याची उचल, बैलाच्या नाकाची वेसण, आत्याच्या लग्नातले आहेर. सारे मराठी, आमच्या घरात बोलले जाते तसे. लिपी परक्या राज्याची आणि शब्द आपले. मला राशोलच्या छापखान्याची आठवण झाली.

अशा सहा वह्या आहेत. घरात उर्दू वाचता येणारे आजोबांखेरीज कुणी नाही, आणि त्यांचेही डोळे आता लवकर थकतात. म्हणून रोज संध्याकाळी ते वाचतात आणि मी देवनागरीत उतरवून घेतो. पहिली वही दिवाळीपर्यंत पुरी होईल असे वाटते.